ट्रॅकवरचा स्पीड दिघंचीच्या रस्त्यावर का चालत नाही?

मोबाईलवर स्पोर्ट बाईकच्या टेस्टचे व्हिडिओ बघून आपल्याकडची पोरं तसल्याच गाड्यांचा हट्ट धरतात. त्या टेस्टचा अर्थ नीट समजून घ्या.

चाकणला तयार झालेली केटीएम ३९० ड्यूक २०१३ साली आली. इंजिन ३७३ सीसीचं, ताकद ४३ पीएसच्या आसपास, म्हणजे स्प्लेंडरच्या पाचपट.

ट्रॅकवर टॉप स्पीड, वळणावरची पकड आणि ब्रेक तपासतात. तिथं समोरून वाहन येत नाही, कडेला मोकळी जागा असते, चालवणाऱ्याच्या अंगात लेदर सूट असतो. रस्त्यावरच्या टेस्टमध्ये खड्डे, इंजिनची गरमी, मायलेज कळतं.

१०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. समोर मेंढरं दिसून ब्रेक दाबेपर्यंतच एवढं अंतर संपतं. स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण खडी-मातीवर गाडी लवकर थांबेलच असं नाही.

आटपाडी-दिघंची रस्त्यावर रात्री लाईट नसलेली उसाची ट्रॉली कुठंही उभी असू शकते. म्हणून गाडी घेताना पोराला किती पळते यापेक्षा किती अंतरात थांबते ते विचारायला सांगा. हेल्मेटचे पैसेही त्याच हिशोबात धरा.