कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटसाठी नेटवर्क स्वयंचलन साधनांचे दस्तऐवजीकरण

प्रस्तावना

संगणकांच्या जाळ्यातील स्विच व राउटर यांची मांडणी करण्यासाठी पूर्वी अभियंत्याला प्रत्येक यंत्रात प्रवेश करून एकेक आज्ञा टंकलिखित करावी लागे. २०१२ साली आलेल्या ॲन्सिबलसारख्या साधनांमुळे हेच काम एकदा लिहून ठेवून अनेक यंत्रांवर करणे शक्य झाले. तरीही लिहिणारा माणूसच होता. अलीकडे भाषिक प्रारूपांवर आधारलेले एजंट अशी साधने स्वतः निवडू व चालवू लागले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत जाहीर केल्यानंतर साधन एजंटच्या हाती देणे अधिक सुकर झाले. या व्यवस्थेत एजंटला साधनाचे नाव, त्याचे वर्णन व त्यास द्यावयाच्या मूल्यांचा आराखडा दिसतो. आतील आज्ञावली सहसा दिसत नाही. त्यामुळे साधन केव्हा व कसे वापरावे, हा निर्णय एजंट वर्णनाच्या चार ओळींवरच घेतो. हे वर्णन कसे असावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एका शब्दाचे अंतर

सिस्कोच्या आयओएस प्रणालीतील एक आज्ञा नेटवर्क अभियंत्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. समजा, एका महाविद्यालयातील ग्रंथालय, कार्यालय व प्रयोगशाळा यांची स्वतंत्र आभासी जाळी, म्हणजेच व्हीलॅन, अनुक्रमे १०, २० व ३० या क्रमांकांची आहेत आणि दोन इमारतींना जोडणाऱ्या एकाच ट्रंक दुव्यावरून ती जातात. आता परीक्षा विभागासाठी ४० क्रमांकाचे व्हीलॅन त्याच दुव्यावर घ्यावयाचे आहे. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ४०’ अशी आज्ञा दिल्यास ४० हा क्रमांक जुन्या यादीत मिळवला जातो. त्यातील ‘ॲड’ हा शब्द गळाला, तर जुनी यादी जाऊन तिच्या जागी केवळ ४० उरतो. ग्रंथालय, कार्यालय व प्रयोगशाळा यांचा त्या दुव्यावरील संपर्क तत्काळ तुटतो. आज्ञा व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याने यंत्र तक्रार करीत नाही. स्विचकडे जाण्याचा मार्गही त्याच दुव्यावरून असेल, तर चूक दुरुस्त करण्यासाठी दुसऱ्या इमारतीत चालत जावे लागते!

अनुभवी अभियंता ही ठेच विसरत नाही. एजंटलाही मूळ आज्ञेतील हा भेद ठाऊक असू शकेल. परंतु साधनाने ती आज्ञा आपल्या पोटात झाकलेली असते. ‘ट्रंकवरील व्हीलॅन निश्चित करते’ एवढेच वर्णन असेल, तर दिलेली यादी जुन्या यादीत मिळते की तिची जागा घेते, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. माणसासाठी लिहिलेल्या माहितीपत्रकात अशी जागा मोकळी राहिली तरी वाचक सहकाऱ्याला विचारतो किंवा बिचकून थांबतो. एजंट थांबेलच असे नाही. तो संभाव्य अर्थ धरून पुढे जाऊ शकतो, हा खरा धोका आहे.

वर्णनात काय हवे

म्हणून साधन काय करते यासोबत ते काय पुसते, हे पहिल्याच वाक्यात यावे. ॲन्सिबलमधील सिस्को व्हीलॅनच्या मॉड्यूलमध्ये ‘मर्ज्ड’ आणि ‘ओव्हररिडन’ असे पर्याय आहेत. पहिल्याने दिलेली मांडणी असलेल्या मांडणीत मिळते, तर दुसऱ्याने यादीत नसलेली व्हीलॅन काढली जातात. या मॉड्यूलच्या दस्तऐवजातील उदाहरणे यंत्राची आधीची व नंतरची स्थिती शेजारी मांडतात; ही पद्धत अनुकरणीय आहे.

उदाहरणांतील आयपी पत्त्यांबाबतही दक्षता हवी, कारण एजंट उदाहरणातील मूल्य जसेच्या तसे उचलण्याची शक्यता असते. १९२.०.२.० पासूनचा २५६ पत्त्यांचा गट व असेच आणखी दोन गट केवळ दस्तऐवजांसाठी राखीव असल्याचे २०१० च्या आरएफसी ५७३७ मध्ये नमूद आहे. तेच वापरावेत.

अपयशाचे संदेश हाही दस्तऐवजाचाच भाग मानला पाहिजे. ‘वेळ संपली’ या संदेशावरून बदल झाला की नाही, हे समजत नाही. ‘बदल झाला असण्याची शक्यता आहे, पुन्हा चालवण्यापूर्वी सद्यःस्थिती वाचावी’ असे लिहिल्यास पुढचे पाऊल ठरते. बदल मागे घेण्याची सोयही सांगावी. ज्युनिपरच्या जुनॉस प्रणालीत ‘कमिट कन्फर्म्ड’ ही आज्ञा वापरल्यास ठरावीक मुदतीत, अन्य मुदत न दिल्यास १० मिनिटांत, पुष्टी न मिळाल्यास जुनी मांडणी आपोआप परत येते.

दस्तऐवजाची मर्यादा

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या सेवा सुमारे सहा तास बंद पडल्या. कंपनीच्या निवेदनानुसार, मुख्य जाळ्याची उपलब्ध क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या आज्ञेने त्या जाळ्यातील सर्व जोडण्या तुटल्या आणि अशा आज्ञा रोखण्यासाठी असलेल्या तपासणी साधनातील दोषामुळे ती रोखली गेली नाही. येथे कोणत्याही एजंटचा दोष सांगितलेला नाही. पण हेतू तपासणीचा आणि परिणाम तोडण्याचा, असे घडू शकते हे यातून दिसते.

उपरोक्त प्रोटोकॉलमध्ये साधन केवळ वाचणारे आहे की विध्वंसक, हे दर्शवणाऱ्या खुणांची तरतूद आहे. खूण नसल्यास साधन विध्वंसक असू शकते, असेच गृहीत धरले जाते. मात्र विश्वसनीय सर्व्हरकडून न आलेल्या खुणांवर विसंबू नये, असेही त्याच मसुद्यात बजावले आहे. तेव्हा अधिकाराचे बंधन मजकुराबाहेर, प्रत्यक्ष खात्यावर असले पाहिजे. पायथन भाषेतील नेपाम या संचात मसुदा चढवणे, चालू मांडणीशी त्याची तुलना करणे आणि तो कायम करणे या तीन पृथक क्रिया आहेत. एजंटच्या हाती त्यांपैकी पहिल्या दोनच देऊन तिसरी अभियंत्याकडे ठेवता येते.