खेळ थांबला, कला हातात राहिली

विहिरीत सूर मारणारी पोरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. याच सूर मारण्याची ऑलिंपिकमध्ये स्पर्धा असते. एक सूर तीन मीटर उंचीवरच्या लवचीक फळीवरून, दुसरा दहा मीटर उंचीच्या पक्क्या मंचावरून. दहा मीटर म्हणजे साधारण तीन मजली इमारत. हवेत कोलांट्या घ्यायच्या आणि फारसं पाणी न उडवता सरळ आत शिरायचं. पंच त्याचे गुण देतात.

या खेळातली एक बाई म्हणजे व्हिक्टोरिया मनालो. तिचा जन्म १९२४ साली अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को शहरात झाला. वडील फिलिपिन्सचे, आई इंग्लंडची. तेव्हा तिथे आशियाई लोकांना गोऱ्यांच्या क्लबात सहज प्रवेश नसे. सराव करायचा तर वडिलांचं आडनाव सोडून आईचं माहेरचं आडनाव लाव, असं तिला सांगितलं गेलं. तिने तेही केलं, पण शिकणं सोडलं नाही. पुढे प्रशिक्षक लाइल ड्रेव्ह्ज यांच्याशी तिचं लग्न झालं.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तिने फळी आणि मंच, दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक जिंकलं. एकाच ऑलिंपिकमध्ये ही दोन्ही सुवर्णपदकं मिळवणारी ती पहिली महिला. वय अवघं २३.

त्यानंतर तिने स्पर्धा सोडली. त्या काळी खेळातून पैसे कमावणाऱ्याला ऑलिंपिकमध्ये उतरता येत नसे, आणि नुसत्या पदकावर चूल पेटत नाही. मग ती पाण्यावरच्या खेळांचे कार्यक्रम करू लागली. नंतर नवऱ्यासोबत पोहण्याचे आणि सूर मारण्याचे वर्ग चालवले. तिचे चारही मुलगे ही कला शिकले. २०१० साली, ८५व्या वर्षी ती वारली. आज तिच्या गावी एका बागेला व्हिक्टोरिया मनालो ड्रेव्ह्ज असं नाव आहे. जे आडनाव लपवावं लागलं, तेच तिथे मानाने लिहिलंय.

आता आपल्या गटाकडे बघा. डोळे थकले की शिवणकाम करणारी ताई मशीन झाकून ठेवते. खांदे धरले की पापड लाटणारी मावशी पोळपाट बाजूला ठेवते. आपण म्हणतो, संपलं हिचं काम. पण कमी झालेली असते ती अंगातली ताकद. कापड कसं बेतायचं, पीठ किती घट्ट मळायचं, हे ज्ञान तिच्याकडे तसंच असतं.

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत एक विषय घ्या: आपल्यात कोण काय शिकवू शकते? नावं इतिवृत्तात लिहा. नव्या मुलींना तिच्याकडे शिकायला पाठवा आणि शिकवण्याचा मोबदला किती, तेही गटातच ठरवा. ताई, मावशी, तुम्हीही तो घ्यायला लाजू नका. शिकवणं हेही कामच आहे.