ऐकणे हेही संघकर्म

दिनांक 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एका विस्मृत सत्याकडे देशाचे लक्ष वेधले. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सभेचे नियम भिक्खुसंघाला ज्ञात होते, असे त्यांनी सांगितले. सभेचे नियम म्हणजे बोलण्याचे नियम, असा आपला समज असतो. विनयपिटक पाहता ते तितकेच ऐकण्याचेही नियम होते, असे आम्हांस वाटते.

उपसंपदेसारख्या महत्त्वाच्या कार्यासाठी ‘ञत्तिचतुत्थ कम्म’ विहित आहे. प्रथम ‘ञत्ति’, म्हणजे प्रस्तावाची सूचना. त्यानंतर तोच प्रस्ताव संघापुढे तीन वेळा मांडावयाचा. यास ‘अनुस्सावन’ म्हणतात. या शब्दाचा अर्थच मुळी ‘ऐकविणे’ असा आहे. ज्यास प्रस्ताव अमान्य असेल त्याने बोलावे, असे प्रत्येक वेळी सुचविले जाते. अशी तीनदा संधी दिल्यानंतरच मौन ही संमती ठरते. आजारी भिक्खूविषयी महावग्ग सांगतो की, त्याने आपला ‘छंद’, म्हणजे संमती, दुसऱ्याकरवी कळवावी. ते शक्य नसेल तर त्यास मंचकासह सभेत आणावे. हलविल्याने आजार बळावणार असेल, तर संघानेच त्याच्याकडे जावे.

73 व्या घटनादुरुस्तीने 24 एप्रिल 1993 पासून ग्रामसभेस घटनात्मक स्थान मिळाले. परंतु पाणी, गायरान, स्मशानभूमी यांविषयीचा ठराव घाईने एकदा वाचून ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जात असेल, तर कडेला बसलेल्या भूमिहीन भगिनीचे मौन संमती कसे ठरते? ते भीतीचे असू शकते. कदाचित तिला ठराव ऐकूच गेला नसेल.

हा प्रश्न इतरांस विचारण्यापूर्वी आपण स्वतःस विचारला पाहिजे. आपल्या विहाराच्या बैठकीत उपासिकांना, तरुणांना कितीदा विचारले जाते? ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. चंकीसुत्तातील क्रम असा आहे : आधी लक्षपूर्वक ऐकावे, ऐकलेले ध्यानी धरावे, मग त्याचा अर्थ तपासावा. तपासणीनंतर मतभेद उरला, तर विनयात शलाकांद्वारे बहुमताचीही तरतूद आहे. मात्र ऐकण्याची पायरी गाळून घेतलेले बहुमत हे केवळ संख्याबळ होय.

म्हणून पुढील बैठकीत ठराव तीनदा वाचावा, आणि शेवटच्या रांगेतील व्यक्तीस प्रथम विचारावे. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही.