मांजरीच्या पिलासारखे रडणारे अर्भक

नवजात अर्भकाचे रडणे बारीक, उंच पट्टीतले आणि हुबेहूब मांजरीच्या पिलासारखे असेल, तर मूल अशक्त आहे एवढ्या समजुतीवर त्याला घरी न पाठवता त्याच्या गुणसूत्रांची तपासणी अवश्य करून घ्यावी. पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा काही भाग गळाल्याने होणारा हा विकार जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिस येथे 1963 साली प्रथम वर्णिला आणि ‘क्री द्यू शा’, म्हणजे मांजरीचे रडे, हे त्याचे फ्रेंच नाव वैद्यकाच्या दप्तरी कायम झाले. साधारणतः 15,000 ते 50,000 जन्मांत असे एक मूल आढळते.

त्या आवाजाचे मूळ लहान व अरुंद राहिलेल्या स्वरयंत्रात असते. परंतु मूल वाढू लागले की पुष्कळदा पहिल्या एक-दोन वर्षांतच तो आवाज नाहीसा होतो, आणि तोवर निदान झाले नसेल, तर मुलाची वाढ का खुंटली याचा खुलासा मिळवण्यासाठी आईबापांना दवाखान्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. म्हणून इतर लक्षणांकडेही बारकाईने पाहिले पाहिजे: जन्मतः कमी वजन, लहान डोके, वाटोळा चेहरा, दोन डोळ्यांत जास्त अंतर, आत गेलेली हनुवटी, मूठ सोडवून तळहात पाहिला तर त्यावर कित्येकदा एकच आडवी रेघ. अंग सैल असते, दूध ओढताना मूल दमते, ठसकते. काहींच्या हृदयातही जन्मजात दोष असतो. पुढे चेहरा लांबट होतो आणि सैल स्नायू ताठरू लागतात.

अशा वेळी आईकडे बोट दाखवण्याची जी निष्ठुर रीत आपल्याकडे आहे, तिला येथे तिळमात्र आधार नाही. बहुतेक मुलांत हा बिघाड नव्यानेच, कोणाच्याही हातून काही न चुकता घडतो, आणि गळालेला भाग बहुधा पित्याकडून आलेल्या गुणसूत्रातला असतो. सुमारे दहांतील एका घरात मात्र माता किंवा पिता यांच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. तीमुळे त्यांना स्वतःला काहीच त्रास होत नाही, तरी पुढील गर्भधारणेपूर्वी दोघांची तपासणी व्हावी.

गळालेला भाग परत बसवण्याचा इलाज नाही. तथापि या मुलांना बोलता येते त्याहून कितीतरी अधिक समजते, ही गोष्ट घरच्यांना व शिक्षकांना वारंवार सांगितली पाहिजे; कारण ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही, ते मूल पेल्याच्या चित्रावर बोट ठेवून पाणी मागायला शिकू शकते, आणि अशा खाणाखुणांची, तशीच स्नायूंच्या व्यायामाची तजवीज पहिल्या वर्षापासूनच करता येते.