घरातले इंटरनेट अडते कोठे?

‘नेट गेले’ हे वाक्य हल्ली घरोघरी ऐकू येते. पाऊस गेला, वीज गेली, त्यांतलेच हेही एक दैवाधीन गमन, अशी समजूत करून घेऊन माणसे स्वस्थ बसतात. परंतु शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आजच असली, म्हणजे स्वस्थ बसून भागत नाही. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी विद्यार्थ्याला तर हे अधिकच जाणवते. संदर्भासाठी बालभारतीचे पुस्तक हवे असल्यास पैनगंगेपलीकडून कोणी ते आणील याची वाट आता पाहावी लागत नाही. ते संगणकावर उघडते. मात्र नेट चालू असले पाहिजे.

प्रथम त्याचा मार्ग पाहू. पुष्कळ घरी आता इंटरनेट काचेच्या तंतूतून येते. हा तंतू सुमारे १२५ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा जाड असतो, आणि त्यातून वीज नव्हे, प्रकाश धावतो. ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ साली मान्यता दिली. पुढे तिलाच भारतनेट हे नाव मिळाले. तेलंगणात टी-फायबरसाठी मिशन भगीरथच्या जलवाहिन्यांचेच चर उपयोगात आणले गेले. पाणी आणि वार्ता एकाच चरातून यावी, हा योग मोठा मनोरम आहे. घरात आल्यावर एक लहान पेटी प्रकाशाचे विद्युत्संकेत करते, राउटर ते वाय-फायच्या लहरींनी घरभर पसरवतो, आणि लॅपटॉप ते झेलतो. कित्येकदा ही दोन्ही कामे एकच पेटी करते.

आमच्या गोव्याकडे कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, एखाद्या झाडाच्या मुळाशी पाणी पोहोचले नाही, तर कोणी थेट बंधाऱ्याकडे धाव घेत नाही. झाडापासून पाटाच्या काठाने वर चालत जायचे. कोरडे संपून ओले जेथे सुरू होते, अडथळा तेथेच असतो. इंटरनेटच्या बाबतीतही अगदी असेच करावे.

आरंभी घरातील मोबाइल त्याच वाय-फायला जोडून पाहावा. त्या वेळी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवण्यास विसरू नये, नाहीतर ही परीक्षा फुकट जाते. मोबाइलवर नेट चालले, तर दोष लॅपटॉपकडे. दोन्हींवर चालले नाही, तर राउटरकडे किंवा त्याच्याही पलीकडे. एवढ्यानेच शोधाचे अर्धे क्षेत्र कमी होते.

दोष पलीकडे वाटल्यास पेटीवरील दिवे पाहावेत. ‘एलओएस’ या अक्षरांजवळ तांबडा दिवा लागला असेल, तर प्रकाशच घरापर्यंत येत नाही असे समजावे. तार तुटली असेल, वा कपाटामागे फार वाकली असेल. वाकलेली सोडवता येते. तुटलेली जोडणे हे कंपनीच्या माणसाचेच काम. सुटलेल्या टोकात डोकावून मात्र कधीही पाहू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, तरी तो डोळ्यांस घातक ठरू शकतो. तांबडा दिवा नसेल, तर पेटी अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा चालू करावी व तीन-चार मिनिटे धीर धरावा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर चढतो. अशा दिवसांत पत्र्याखाली किंवा बंद कपाटात कोंडलेली पेटी तापून कुरकुरते. शिवाय लोखंडी कपाट वाय-फायच्या लहरींना अडवते, ते वेगळेच.

दोष लॅपटॉपकडे असेल, तर त्याला पत्ता मिळाला आहे काय, हे पाहावे. राउटर घरातील प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरकडून काहीच न मिळाल्यामुळे लॅपटॉपने तो स्वतःच घेतलेला आहे. अशा वेळी ते वाय-फाय ‘विसरण्याची’ आज्ञा लॅपटॉपला द्यावी व संकेतशब्द घालून पुन्हा जोडावे.

पत्ता ठीक असूनही काम होत नसेल, तर ‘पिंग’ ही आज्ञा उपयोगी पडते. माइक म्यूस या अमेरिकन संशोधकाने ती १९८३ च्या डिसेंबरात रचली. पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून तिला हे नाव मिळाले. हाक मारायची आणि प्रतिध्वनी ऐकायचा, एवढेच तिचे काम. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ लिहून पुढे प्रथम राउटरचा पत्ता घालावा, नंतर ८.८.८.८ आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव. अक्षरे व आकडे अर्थातच इंग्रजी. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ कडून काहीच येत नाही, तर खोळंबा बहुधा घराबाहेर आहे. अंकांना उत्तर येते पण नाव सापडतच नाही, तर नावावरून अंक सांगणारी डीएनएस ही व्यवस्था बिघडली आहे. लॅपटॉपच्या जोडणीत डीएनएस म्हणून ८.८.८.८ लिहिल्यास बहुतेक वेळा अडचण दूर होते.

एक शेवटची गोष्ट, जी सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. जुन्या लॅपटॉपच्या आतील लहान बॅटरी संपली, की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग वाय-फाय उत्तम असूनही बँकेचे वा अर्जाचे पान ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देऊन अडून बसते. कारण त्या पानाचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते, आणि लॅपटॉपच्या हिशेबाने ती मुदत अद्याप सुरूच झालेली नसते. तारीख व वेळ दुरुस्त करून पान पुन्हा उघडावे.