मासळीतलं फॉर्मॅलिन

शवागारात, प्रयोगशाळेत नमुने टिकवायला वापरतात ते फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड वायू, साधारण ३७ टक्के. तो प्रथिनांचे धागे एकमेकांत घट्ट बांधतो आणि जिवाणू मारतो. म्हणून ते लावलेला मासा कुजत नाही, पण मांस रबरासारखं ताठर होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसाला कर्करोग करणारं द्रव्य ठरवलं. भारतात अन्न टिकवण्यासाठी ते वापरायला परवानगी नाही.

जुलै २०१८मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मॅलिन असल्याच्या संशयावरून गोव्यात गदारोळ झाला आणि बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद झाली. तेव्हा वाद रंगला तो नैसर्गिक फॉर्मल्डिहाइडचा. ते माशात मुळातच असतं, हा मुद्दा खोटा नाही. समुद्री माशात ते थोडं आपसूक तयार होतं, बोंबलात तर बरंच. म्हणूनच ‘आढळलं’ एवढ्यावर निकाल लागत नाही. प्रमाण किती आणि मासा कोणता, हे प्रयोगशाळेने सांगायलाच हवं. ते आकडे गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाहीत, हे मला फार खटकतं.

बाजारात कल्ले उघडून बघा, बोटाने दाबा. मासा कडक, डोळे मात्र निस्तेज आणि मासळीचा वासच नाही, तर घेऊ नका.