परळच्या उंदरांचं वाण

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या चारकोपच्या सेक्टरमध्ये रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असतं. बायका वाण लुटतात: स्टीलची वाटी, कंगवा, कधी तुळशीचं रोप. वाण या शब्दाला मराठीत दुसराही अर्थ आहे. शेतकरी ज्वारीचा वाण म्हणतो, तेव्हा त्याला बियाण्याची जात अभिप्रेत असते. तो वाण जपायचा आणि ते वाण वाटायचं. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या बाबतीत मात्र ही दोन्ही कामं एकच होऊन जातात, आणि त्याची एक गोष्ट आपल्या परळमध्ये घडली आहे.

कमल रणदिवे मूळच्या पुण्याच्या समर्थ. जन्म १९१७चा. एमएस्सीसाठी त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं अभ्यासली. पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली पीएचडी केली आणि वनस्पतींकडून त्या कर्करोगाकडे वळल्या. १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं. आयसीआरसी हे त्याचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव, आणि तिथेच तयार झालेल्या उंदरांच्या एका वाणालाही हेच नाव मिळालं. या वाणाच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होतो. आईच्या दुधातून पिल्लांत जाणारा विषाणू, संप्रेरकं आणि आनुवंशिकता यांची गुंतागुंत रणदिवेंनी अशा वाणांच्या आधारे उलगडायला घेतली. बाईंच्या शास्त्रज्ञ म्हणून झालेल्या गौरवात, १९८२च्या पद्मभूषणात, या पिंजऱ्यांमधल्या पिढ्यांचाही वाटा आहे असं मी मानतो.

वाण तयार करणं हे चिकाटीचं काम. भाऊ-बहिणींची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांतून पुन्हा भाऊ-बहीण निवडायचे, असं सलग २० पिढ्या. उंदरीण सुमारे २० दिवसांत विते, पिल्लं दीड-दोन महिन्यांत वयात येतात. तरीही या कामाला पाच-सहा वर्षं सहज लागतात. शेवटी हाती येणारे उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ जुळ्यांसारखे असतात. एकाला औषध दिलं आणि दुसऱ्याला दिलं नाही, तर दिसणारा फरक औषधाचाच आहे असं बऱ्याच विश्वासाने म्हणता येतं.

कधी निसर्गच नवा वाण हातात देतो. परळच्या केंद्रातल्या ‘स्विस’ जातीच्या उंदरांत एकदा केस नसलेली पिल्लं निपजली. जनुकात आपोआप झालेल्या बदलाची ही करामत. दुसऱ्या कुणी ती पिल्लं रोगट समजून बाजूला केली असती. इथे ती जपली गेली आणि ‘बेअर’ नावाचा वाण तयार झाला. उघड्या त्वचेवर गाठ लवकर दिसते, म्हणून त्वचेच्या कर्करोगाच्या प्रयोगांत हे उंदीर उपयोगी ठरले. तंबाखू आणि मिश्रीच्या अर्कांवर याच संस्थेत काम झालं. तव्यावर तंबाखू भाजून तिने दात घासणाऱ्या किती आज्या आपल्याच घरांत होत्या! त्या मिश्रीचा धोका तपासण्यात बिनकेसाळ उंदरांचाही हात आहे. आयसीआरसी वाणातच अन्ननलिका फुगण्याचा विकार आढळला. १९८८ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. माणसांतल्या अकॅलेशिया या आजाराशी तो मिळताजुळता आहे.

पण वाण टिकवायचा म्हणजे रोजची राबणूक. अ‍ॅनिमल हाऊसला दिवाळीची सुट्टी नाही. पिंजरे बदलायचे, पाणी भरायचं, तीन आठवड्यांची पिल्लं आईपासून सुटी करायची, नर-माद्या वेगळ्या करायच्या, कानाला खूण करायची, पिंजऱ्यावरच्या कार्डावर आईबाप आणि जन्मतारीख लिहायची. बदललेलं जनुक सुप्त असेल तर काम आणखी अवघड होतं. दोन वाहक उंदरांची जोडी लावली, तरी चार पिल्लांमागे सरासरी एकातच लक्षण उमटतं. बाकीच्यांतले वाहक कोणते, हे शेपटीच्या टोकाचा कण घेऊन डीएनएवरून ओळखावं लागतं. एखाद्या कार्डावर नोंद चुकली, एक परका उंदीर जोडीत शिरला, की कित्येक वर्षांची शुद्धता गेली. हे काम करणाऱ्यांची नावं शोधनिबंधात क्वचितच येतात. मला ती गोष्ट टोचते.

आणि इतकं जपूनही सगळं एका रात्रीत जाऊ शकतं. ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बार हार्बरला वणवा पेटला. जॅक्सन प्रयोगशाळेचे सुमारे ९० हजार उंदीर त्यात गेले. मात्र त्या प्रयोगशाळेने आधीची कित्येक वर्षं आपले वाण जगभर वाटले होते. ज्यांना ते मिळाले होते त्यांनी जोड्या परत पाठवल्या आणि वसाहती पुन्हा उभ्या राहिल्या. २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या तळघरात शिरलं, हजारो उंदीर बुडाले. तेव्हाही ठिकठिकाणच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडचे उंदीर देऊ केले. २६ जुलै २००५चा पूर पाहिलेल्या मुंबईकराला तळघरात शिरणारं पाणी समजावून सांगावं लागत नाही.

वाण वाचवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे तो गोठवून ठेवणं. १९७२ मध्ये विटिंगहॅम, लिबो आणि मेझर या शास्त्रज्ञांनी उंदराचे गोठवलेले भ्रूण पुन्हा जिवंत करून त्यांतून पिल्लं जन्माला घातली. आता भ्रूण आणि शुक्राणू उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं राहतात. मागणी नसलेल्या वाणाची पैदास केवळ तो मरू नये म्हणून चालू ठेवावी लागत नाही, प्राण्यांचे जीवही वाचतात. मोठा लाभ असा, की पिढ्यागणिक नकळत साचणारे जनुकीय बदल थांबतात. पाठवायचं तर जिवंत उंदरांऐवजी गोठवलेली नळी पाठवता येते, आणि तिच्यासोबत रोगजंतू जाण्याचा धोकाही बराच कमी. माझ्या मते प्रत्येक वाणाचा एक साठा दुसऱ्या शहरात असायलाच हवा. संशोधक निवृत्त होतो, अनुदान संपतं, आणि एकाच खोलीत राहिलेला वाण त्या खोलीबरोबर संपतो.

२००२ मध्ये परळच्या संस्थेचं संशोधन खारघरला हललं. त्या जुन्या केंद्राचं नाव पुढे कर्करोग संशोधन संस्था (इंग्रजी आद्याक्षरांत सीआरआय) झालं होतं; आजचं नाव अ‍ॅक्ट्रेक. बेअर वाणाच्या शास्त्रीय नावात मात्र ‘सीआरआय’ ही तीन अक्षरं तशीच आहेत. कुठल्या घरात हा वाण वाढला, हे जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला कळावं म्हणून ती लिहायची पद्धत आहे. आमच्याकडच्या वाट्यांवरही देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं.